काकूंनी चहा आणला आणि गेम थांबला

आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं, कालच धुळ्याहून जळगावला परत आलोय... घाईत टायपिंग चुकलं तर समजून घ्या!

आधीच सांगतो, माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. आमच्या कॉलेजात असं काही कुणी सांगितलं की सगळ्यात मोठ्यांदा मीच हसतो.

धुळ्याला माझ्या काकांची, म्हणजे नानांची, राहत्या घरातच टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मी शाळेत असताना त्यांनी एक सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला. काळा स्क्रीन, डॉस, बस्स! चपला बाहेर काढायच्या. मे महिन्यात कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे, आणि आम्ही पोरं घामाघूम. आणि एका फ्लॉपीत तो गेम... खाली फळी, वर विटा, चेंडूने फोडायच्या. मुलांना ‘‘टाइप करा रे, टाइप!’’ असं ओरडत नाना स्वतः तासन्‌तास विटा फोडायचे :)

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. एका वर्षी नानांनी फ्लॉपीची पत्र्याची पट्टी सरकवली आणि आतल्या काळ्या चकतीलाच कुंकू लावलं! मी ओरडलो, ‘‘नाना, खराब होईल ना!’’

‘‘वरना प्लास्टिकले लाईसन काय करशी? जीव तं मझार शे!’’ नाना अहिराणीत म्हणाले. वरच्या प्लास्टिकला लावून काय उपयोग, जीव तर आत आहे म्हणे!

आणि फ्लॉपी चालली! नाना वर्षभर सगळ्यांना सांगत होते.

दुपारी काकू चहा घेऊन दारातच उभ्या राहायच्या, हाताला पीठ असतं म्हणून आत कधीच यायच्या नाहीत. ‘‘अहो, चहा थंडा व्हई ऱ्हायना!’’ की नाना ‘पी’चं बटण दाबायचे, गेम पॉज, आणि बशीत ओतून फुर्रर्र... चहा संपल्याशिवाय चेंडू हलायचा नाही.

गेल्या दिवाळीनंतर नाना अचानक गेले. जुना कॉम्प्युटरही बंद पडला. चुलतभावाने नवा घेतला, विंडोज ९८वाला. परवा मी गेलो तर काकू म्हणाल्या, ‘‘दिनभर तुना काका काय दखेत त्यामा? माले एकदाव दखाड ना भो.’’

नाना दिवसभर काय बघायचे ते एकदा दाखव, एवढंच मागितलं हो त्यांनी. आणि मला तेवढंही जमेना!

फ्लॉपी वाचली जात होती, पण नव्या मशीनवर गेम असा सुसाट की फळी हलवेपर्यंत चेंडू खाली, खेळ खल्लास. विंडोजमधून केलं, डॉसमध्ये रीस्टार्ट करून केलं... तेच. काकू पहिल्यांदाच आत येऊन खुर्चीवर बसल्या होत्या.

‘‘हाऊ का तो खेळ? फटाका उडना अन् सरना!’’ हसल्या, पण चेहरा पडला. ‘‘जाऊ दे. चहा ठेवस.’’

त्या गेल्या. मी चिडून फ्लॉपी काढली, फुंकर मारली, परत घातली, सुरू केलं... आणि चेंडू हळू! अगदी जुन्या मशीनसारखा, टुक... टुक... मी काकूंना हाक मारणार, तेवढ्यात त्या दोन कप घेऊन दारात. सवयीने त्यांच्या तोंडातून गेलंच, ‘‘अहो, चहा थंडा व्हई ऱ्हायना!’’

मी वळून दोन्ही हातांनी कप घेतले. चेंडू पडला असणार म्हणून बघतो तर — स्क्रीनवर ‘पॉज’! घरात आम्ही दोघंच. की-बोर्डला कुणाचाही हात नाही!!

मी कप ठेवून बटण दाबायला गेलो, तर काकूंनी माझा हात धरला.

‘‘थांब भो. पिऊ दे त्यास्ले.’’

त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला, बशी की-बोर्डशेजारी ठेवली आणि स्क्रीनकडे बघत बसल्या. चेंडू हवेत, विटा अर्ध्या फुटलेल्या. काकूंचा कप रिकामा झाला... आणि चेंडू आपोआप चालू झाला. मी फळीला हात लावला नाही. पडला. गेम ओव्हर.

त्यानंतर दहादा लावून बघितलं, पुन्हा तसाच सुसाट. मित्र म्हणतो, गरमीने मशीन स्लो झालं असेल. असेल! पण पॉज? बशीतला चहा मात्र तसाच होता, हेही खरं सांगतो. काकूंनी तो ओतून दिला नाही, स्वतःच प्यायल्या, थंडगार.

मला काहीच कळत नाहीये. तुमच्याकडे नव्या कॉम्प्युटरवर जुना गेम असा कुणासाठी थांबलाय का कधी? सांगा ना... प्लीज!