‘कारिकारे’ आणि आबांचं ‘भर’

मी बारामतीत घरूनच ऑनलाइन स्पॅनिश शिकवते. त्या सकाळी ‘कारगार’ या क्रियापदाचा पाठ होता. उत्तरकाळातल्या लॅटिनमध्ये ‘कारिकारे’ म्हणजे गाडीत माल भरणं. त्याचंच स्पॅनिशमध्ये कारगार झालं, फ्रेंचमध्ये शार्जे, आणि इंग्रजीमार्गे आपल्याकडं चार्ज आणि कार्गो आले. स्पॅनिश माणूस गाढवावर ओझं लादतो आणि मोबाइल चार्ज करतो तेही एकाच शब्दानं, हे सांगितलं की मुलं हसतात. एका मुलीनं विचारलं, मग डिस्चार्ज? मी म्हणाले, भरलेली गाडी रिकामी करणं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आबांचा आवाज आला, "भर."

आबा म्हणजे माझे वडील. इंदापूरकडच्या आमच्या गावातून कारखान्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या नेण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला तेव्हा उजवा हात लुळा होता आणि बोलण्यातला हा एवढाच शब्द उरला होता. व्यायाम करून घेणाऱ्या ताई बारामतीत रोज येऊ शकत होत्या, म्हणून आबांना आणि आईला मी माझ्याकडं ठेवून घेतलं.

मराठीत काय काय भरतं, हे तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं. हंडा भरतो, बिल भरतात, शाळा भरते, बाजार भरतो, जखम भरून येते, माणसाचे दिवस भरतात. आबा ‘भर’ म्हणाले की आम्ही एकेक करून बघायचो. पाणी द्यायचो, ताट वाढायचो, त्यांचा मोबाइल चार्जिंगला लावायचो. चुकलं की ते डोळे मिटून घ्यायचे. आईचं म्हणणं, जुनं काम डोक्यात बसलंय, ट्रॉली भरायला सांगत असतील. मीही ते मानून टाकलं होतं.

त्या दिवशी मात्र ते थांबेनात. मी तास आवरता घेऊन आत गेले. आबांनी डाव्या हातानं कपाटाकडं बोट केलं. मी दार उघडलं तसा त्यांनी स्वतःचा सदरा ओढून खाटेवर टाकला, मग धोतर.

"पिशवी भरू?" मी विचारलं. "गावाकडं जायचंय?"

त्यांनी जोरात होकाराची मान हलवली आणि ते रडू लागले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आई दारात उभी होती. "न्हाय जायचं," ती म्हणाली. "तितं कोण हाय? हे पडलं तर मी एकटी कशी उचलू?"

तिचे गुडघे गेलेत. तिचं चुकत नव्हतं. मी सदरा हातात धरून दोघांच्या मधे उभी राहिले. आबांनी जेवण सोडलं, तेव्हा आईनं स्वतःच पिशवी भरली.

आता आबा गावात अंगणात बसतात. येणारे-जाणारे त्यांच्याशी बोलतात, ते मान हलवतात. झोप लागते. पण ताई तिकडं येत नाहीत आणि उजवा हात आखडत चाललाय. नवा शब्द आलेला नाही. आम्ही त्यांचं ऐकलं की त्यांचं नुकसान केलं, हे मला ठरवता येत नाही.

परवा फोनवर आईला विचारलं, तू कशी आहेस.

"मी हाय की," ती म्हणाली आणि लगेच आबांच्या गोळ्यांचं सांगू लागली.