एकोणीस सेकंद

संध्याकाळी पाच वाजता हेडफोन काढून ठेवले की तिला जग जरा उशिरा ऐकू येई. जिन्यावरची पावलं, खालच्या चौकातली वाहनं, शिपायाने एकेक दार ओढून घेताना केलेली खडखड, सगळं आधी लांबून येई आणि मग सावकाश जवळ सरके. तोवर ती दुसरीकडेच असे. कुठल्या तरी उतारावर, कुठल्या तरी विहिरीच्या काठाशी, जिथे तिने कधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

केंद्रातले लोक तिला कानसेन म्हणत. चराऊ रानं, तळी, जंगल यांवर कुणाचा हक्क चालतो आणि तो कोण ठरवतं, याचा अभ्यास करणारं विद्यापीठातलं हे केंद्र. अभ्यासक गावोगाव हिंडून लोकांशी बोलत, ते बोलणं टेप करून आणत, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत कानसेन ते कागदावर उतरवी. टेबलाखाली एक पेडल होतं. दाबलं की टेप चाले, सोडलं की थांबे, टाचेने दाबलं की चार शब्द मागे जाई. सव्वीस वर्षं तिची उजवी चप्पल डावीच्या आधी झिजत आली होती. करारावरची नोकरी, दर वर्षी जूनमध्ये सही करून वाढवून मिळे.

प्रती दोन निघत. कच्ची प्रत म्हणजे जे ऐकू आलं ते सगळं: खोकला, कुत्रं, मध्येच डोकावलेली शेजारीण, आणि माणसाचं गप्प राहणं. गप्प राहणं ती कंसात लिही, सेकंद मोजून. ‘शांतता, चार सेकंद.’ पक्की प्रत म्हणजे त्यातला पाचोळा झाडून राहिलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर. पक्की प्रत पुस्तकात जाई, कच्ची रद्दीत.

मोजायची सवय मात्र कार्यालयात राहीना. बसचा कंडक्टर सुटे पैसे शोधताना किती वेळ गप्प राहिला, डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून तोंड उघडायला किती सेकंद घेतले, हे तिच्या डोक्यात आपोआप मांडलं जाई. घरी सासूबाई होत्या. त्यांना ऐकू कमी येई आणि बोलायला भरपूर.

“दिवसभर परक्यांचं ऐकतेस,” त्या म्हणत, “आणि मी घसा फोडून एक गोष्ट सांगितली तर तुझं लक्ष तळ्यात!”

त्यांनी तळं असंच म्हटलेलं असे, पण ते खोटं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी कानसेनने एका पाणथळीच्या एक्केचाळीस टेप तीन आठवड्यांत उतरवल्या होत्या. शहराच्या पाण्याचं ते तळं, काठावर डोक्याइतकी उंच लव्हाळी, आणि ती कापून चटया विणणारी घरं. त्या टेपा संपल्या तरी तळं संपलं नाही. बसमध्ये डोळा लागला की लव्हाळी वाजत. एक घर तर तिला पाठ होतं. पत्र्याचं दार, आत शिरताना तीन पायऱ्या, कारण टेपवर पावलं तीनदाच वाजली होती. उजवीकडे कोंबड्या. मागे कुठे तरी होडी, खुंटाला सावकाश धडकत राहणारी.

एका मंगळवारी दुपारी एक बाई तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. चाळिशीची, बोटांच्या पेरांवर उभे-आडवे बारीक काप. हातात छापील नोटीस.

“टेप ऐकणाऱ्या बाई तुम्हीच का?”

“हो. बसा.”

“बसायला नाही आले मी. माझ्या बापाने हे म्हटलंय का, तेवढं सांगा.”

नोटीस पाणीखात्याची होती. तळ्याचं पाणी शुद्ध राहावं म्हणून सगळ्या काठाला कुंपण घालायचं होतं. लव्हाळी कापणाऱ्यांची याला पूर्वीच संमती असल्याचं विद्यापीठाच्या पुस्तकावरून दिसतं, असं तिसऱ्या परिच्छेदात होतं, आणि खाली उताराच उतरवला होता. ‘प्रश्न: काठाला कुंपण घालायला तुमची संमती आहे का? उत्तर: हो.’ उत्तर देणारा म्हणजे काठावरच्या चटईवाल्यांमधला सर्वांत वडील माणूस. या बाईचा बाप. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

“बाबा हो म्हणणाराच नव्हता हो,” चटईवाली म्हणाली. “जेवलास का विचारलं तरी आधी आभाळाकडे बघायचा. काठाला कुंपण लागलं की आमचा धंदा गेला. आणि तो एका शब्दात देऊन टाकेल? गुरुवारी हरकती घ्यायचा शेवटचा दिवस आहे.”

“टेप आहे. ऐकू आपण.”

“म्हणजे त्याचा आवाज आहे तुमच्याकडे?” बाईने नोटीस पुन्हा घडी केली. “मग उद्या येते. आज नको.”

ती गेल्यावर कानसेनने लोखंडी कपाट उघडलं. टेप वर्षानुवर्षं न हलवता ठेवली की एका वेढ्यातला आवाज दुसऱ्यावर उमटतो, म्हणून ती दर उन्हाळ्याच्या सुटीआधी सगळ्या टेपा एकदा फिरवून ठेवी. हे काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. सतरावी टेप तिने लावली, हेडफोन चढवले, पेडल दाबलं.

तीन पायऱ्या. कोंबड्या. मुलाखत घेणाऱ्या सरांचा आवाज, तेव्हा तरुण, थोडा घाईचा. “काठाला कुंपण घालायला तुमची संमती आहे का?”

मग लव्हाळी. वारा त्यांतून जाताना आधी एका बाजूने वाजला, मग दुसऱ्या. होडी धडकली. पुन्हा धडकली. म्हातारा श्वास घेत होता. कानसेनची बोटं टेबलावर मोजत राहिली. एकोणिसाव्या सेकंदाला बाहेरून एका मुलीने ओरडून विचारलं, “बाबा, होडी बांधलीस का?”

“हो,” म्हातारा म्हणाला.

आणि लगेच सर: “बरं. आता मासेमारीबद्दल सांगा.”

तिने टाचेने टेप मागे घेतली. तीनदा. चौथ्यांदा घ्यायची गरज नव्हती. काय झालं होतं ते कळायला दुसरं कोण हवं? शांतता काढायची, बाहेरचे आवाज काढायचे, विषय सोडून विचारलेलं काढायचं. नियमाने सगळं काढलं की प्रश्नाखाली ‘हो’ येऊन बसत होतं, नीट, स्वच्छ. काढणारे हात तिचे होते.

सर आता केंद्राचे संचालक होते. निवृत्तीला पाच महिने उरलेले. लोक आपणहून निसर्ग राखायला तयार होतात, हे त्यांच्या पुस्तकाचं म्हणणं, आणि या तळ्यावर ते उभं होतं. तिने सगळं सांगितलं तेव्हा ते चष्म्याची काडी उघडझाप करत ऐकत होते.

“बावीस वर्षांची टेप,” ते म्हणाले. “एव्हाना खराब झाली असेल.”

“नाही सर. मी दर वर्षी फिरवते.”

“कुणी सांगितलं होतं फिरवायला?”

“कुणी नाही.”

“हं.” काडी मिटली. “पक्की प्रत कुणी केली होती?”

“मी.”

“आणि शांतता काढायच्या हा नियम?”

“तुम्ही.”

सर खिडकीकडे बघत राहिले. जूनची सही याच टेबलावर व्हायची, हे तिला तेवढ्यातही आठवलं. पाच, सहा, सात. खाली कुणी तरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. अकरा.

“तो काय म्हणाला असता, असं वाटतं तुला?” त्यांनी विचारलं.

“ते टेपवर नाही सर.”

सर हसले, पण नुसत्या नाकातून. “तू कच्चीच प्रत आहेस कानसेन. ते पान पुन्हा टाइप कर, आहे तसं. सोबतचं पत्र मी लिहितो. चूक केंद्राची म्हणून. तुझं नाव नको.”

“घाला सर. प्रत माझी आहे.”

दुसऱ्या दिवशी चटईवाली आली आणि या वेळी बसली. हेडफोन तिच्या अंबाड्यावर नीट बसेनात, म्हणून कानसेनने एकच कान लावून दिला. बापाच्या श्वासाला बाईचा चेहरा हलला नाही. पण एकोणिसाव्या सेकंदाला ती दचकून सरळ झाली.

“ही मी आहे,” ती म्हणाली. “ओरडतेय ती. मीच.”

“तुम्ही?”

“होडी सुटून जायची ना नेहमी. मी सतरा वर्षांची.” तिने बोटांवरच्या कापांकडे पाहिलं. “म्हणजे मीच बोलायला लावलं त्याला.”

“नाही,” कानसेन म्हणाली. “तुम्ही होडीचं विचारलंत. बाकीचं इथे झालं.”

“अजून एकदा लावा. होडीच्या आधीचं.”

तेवढे एकोणीस सेकंद तिने सहा वेळा ऐकले. मग नवीन पान आणि सरांचं पत्र घेऊन ती गेली. गुरुवारी ते हरकतींच्या फायलीत लागलं. आठवड्याने खात्याने जुना उतारा रद्द केला आणि कळवलं, की प्रश्न पुन्हा, जागेवर जाऊन विचारला जाईल. नोंदीला केंद्राचं माणूस असावं.

अशी कानसेन पहिल्यांदा तळ्यावर गेली. पत्र्याचं दार होतं. कोंबड्या होत्या, पण डावीकडे. आणि पायऱ्या पाच. ती खालच्या पायरीवर थबकली तशी चटईवाली वरून म्हणाली, “त्या दोन तेव्हा पाण्याखाली असायच्या. पाणी तिथवर होतं.” आता पाणी पार लांब, लव्हाळ्यांच्या पलीकडे चमकत होतं. कानसेनला वाटलं, आपण ओळखीच्या स्वप्नात आलो आहोत आणि कुणी तरी सामान हलवून ठेवलं आहे. वारा आला. आवाज मात्र जागचे जागी होते.

अधिकारी तरुण आणि सभ्य होता. सतरंजीवर मांडी घालून बसला, फोन मध्ये ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं. पाणी का आटतं, घाण कुठून येते, कुंपण किती उंच, सगळं त्याने समजावून सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. मग कागद बघून विचारलं, “काठाला कुंपण घालायला तुमची संमती आहे का?”

चटईवालीने दाराबाहेर पाहिलं. आधी पाण्याकडे, मग आभाळाकडे.

कानसेनची बोटं गुडघ्यावर मोजू लागली. सहा. सात. होडी धडकली नाही; होडी आता नव्हती. नऊ.

“मग हो लिहू का?” अधिकारी पेन टेकवत म्हणाला.

“थांबा,” कानसेन म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत कुठल्याही टेपवर तिचा आवाज नव्हता. अधिकाऱ्याने पेन उचललं.

लव्हाळी एका बाजूने वाजली, मग दुसऱ्या.

“नाही,” चटईवाली म्हणाली. “कापणीची वाट मोकळी सोडून नकाशा काढा आणि तो घेऊन या. मग विचारा परत. पण उत्तराला वेळ लागेल, आधीच सांगते.”

अधिकाऱ्याने तसंच लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कानसेनने अधिकाऱ्याच्या रेकॉर्डिंगवरून कच्ची प्रत टाइप केली. शांतता दोन ठिकाणी आली, नऊ सेकंद आणि चौदा सेकंद. त्यांच्यामध्ये अधिकाऱ्याच्या प्रश्नानंतर एक शब्द होता आणि तो कुणाच्या नावावर लिहावा हे तिला चटकन सुचेना. तिने पेडलवरचा पाय उचलला. मग तिने लिहिलं, ‘प्रत करणारी: थांबा.’ आणि या फायलीची पक्की प्रत काढायची नाही, अशी कोपऱ्यात टीप टाकून सही केली.