तिसऱ्या रांगेतली चौथी

सुनंदानं मला वीस मिनिटांत पसंत केलं होतं. कॅमेरा पसंत करायला मला सव्वादोन महिने लागले.

कारणही तसंच होतं. आमची पल्लवी पोलिसात भरती झाली होती. आमच्या अख्ख्या भावकीत आजवर कुणाच्या अंगावर वर्दी चढली नव्हती (माझा कंपनीतला निळा शर्ट सोडला तर). वडिलांनी पडेगावच्या माळावर मेंढरं राखली, मी शेंद्र्याला कंपनीत लागलो, आणि माझी लेक आता ट्रेनिंग संपवून दीक्षान्त संचलन करणार होती. असा दिवस एकदाच येतो. मी जाहीर केलं की मोबाइलवर भागणार नाही. पालकांना मैदानाच्या कडेला बसवतात; तिथून मोबाइलनं काढलं तर माणसं मुंग्यांएवढी दिसतात. आपल्याला एचडी व्हिडिओ कॅमेरा पाहिजे, चांगल्या झूमचा.

मी कंपनीत क्वालिटी तपासनीस. खोट शोधणं हाच माझा धंदा. त्यामुळं पैठण गेटजवळच्या दुकानात मी वही घेऊनच गेलो. दुकानदारानं आधी माझी कीव केली. "काका, आजकल ये कौन लेता? मोबाइल घ्या ना," तो म्हणाला. मग त्यानं काउंटरखालून दोन कॅमेरे काढले आणि त्यांच्यावरची धूळ फुंकली. एकावर मोठ्या अक्षरात शंभर पट झूम लिहिलेलं, दुसऱ्यावर तीस पट. शंभरवाला घ्या आणि चला, असं सुनंदाचं मत पडलं. मी तिला समजावलं की शंभरवाला नुसतं चित्र ताणून मोठं करतो. खरा झूम भिंगाचा. (हे मला आदल्या दिवशी कळलं होतं, पण जन्मापासून माहीत असल्यासारखं सांगितलं.)

खात्री करायला मी दुकानाच्या दारात उभा राहून रस्त्यापलीकडच्या केळीच्या गाड्यावर कॅमेरा रोखला. शंभरवाल्यात केळी पिवळ्या ढगासारखी दिसली. तीसवाल्यात सालीवरचे काळे ठिपके मोजता आले. मी ठिपके वहीत मांडेपर्यंत केळीवाल्याचं माझ्याकडं लक्ष गेलं. त्याला मी अतिक्रमण विभागाचा माणूस वाटलो असणार, कारण तो गाडा ढकलत चौकाच्या दिशेनं पळत सुटला. त्याच्या मागं बाकीचे चार गाडेही गेले. दुकानदार म्हणाला, "काका, अब ले ही लो." तरी मी आणखी पाच चकरा मारल्या. सहाव्या चकरेला त्यानं मला पाहून चहा सांगितला नाही, तेव्हा मी तीसवाला घेऊन टाकला.

संचलनाच्या आदल्या दिवशी पल्लवीचा फोन आला. "पप्पा, तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथी मी," ती म्हणाली. मी वहीत लिहून घेतलं.

मैदानावर आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो. मी स्टँड रोवला. बाकीचे पालक मोबाइल उंच धरून चवड्यांवर उभे, आणि मी मात्र बाकायदा कॅमेऱ्यामागं. दोघांनी तर मला पत्रकार समजून पुढं जायला वाट दिली. बँड वाजला. तीनशे पोरी, सगळ्यांची टोपी सारखी, अंबाडा सारखा, चाल सारखी. मी तिसरी रांग धरली, डावीकडून चार मोजले आणि झूम पुढं नेला. काय ती चाल! काय ती ताठ मान! माझे डोळे भरून आले, पण कॅमेरा हलू नये म्हणून मी श्वाससुद्धा अर्धाच घेत होतो.

थोड्या वेळानं सुनंदानं छोट्या पडद्यात डोकावून पाहिलं.

"अहो, ही आपली नाय."

"तू साध्या डोळ्यानं बघतीस. मी तीस पटीनं बघतोय."

"मी तुमच्याच कॅमेऱ्यात बघतीय."

मी म्हणालो, ट्रेनिंगमध्ये ऊन लई असतं, चेहरा बदलतो.

"नाक बदलतं व्हय?" सुनंदा म्हणाली आणि उठून निघून गेली. एका पोरीच्या बापाकडून तिनं पल्लवीचा दूरवरचा फोटो काढून घेतला, हे मला नंतर कळलं.

मी जागचा हललो नाही. एक्केचाळीस मिनिटं ती पोरगी मी चौकटीतून निसटू दिली नाही. शेवटी रांगा मोडल्या, पोरी पालकांकडं धावल्या. आमची पोरगी धावत गेली आणि भलत्याच एका फेटेवाल्या गृहस्थाच्या गळ्यात पडून रडायला लागली. हा कोण माणूस? तेवढ्यात एक वर्दीवाली बाई नेमकी कॅमेऱ्यापुढं येऊन उभी राहिली. मी वर न बघताच म्हणालो,

"मॅडम, जरा बाजूला व्हा. माझी पोरगी दिसंना."

"पप्पा," मॅडम म्हणाल्या, "मी इथं आहे."

दचकून माझं बोट कशावर तरी पडलं आणि झूम सर्रकन मागं आला. पल्लवी हसत हसत रडत होती. डावीकडून म्हणजे तिच्या डावीकडून, माझ्या नव्हे, हे तिनं मला तिथंच हात धरून समजावलं. मग तिनं आपली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. माझे वडील दोनशे मेंढरांतून आपलं कोकरू ओळखायचे, हे सुनंदानं त्याच क्षणी सांगायला नको होतं.

तो फेटेवाला पैठणकडचा शेतकरी निघाला. त्याच्या मोबाइलची बॅटरी बँड वाजायच्या आधीच संपली होती. मी त्याला सगळा व्हिडिओ दिला. त्यानं तो सहकुटुंब बघितला आणि फोन केला. "दादा, आमच्या लेकीवर लई बारीक लक्ष ठेवलं तुम्ही," तो गहिवरून म्हणाला.

पल्लवीच्या वाट्याला त्यातले शेवटचे अकरा सेकंद आले. पडदाभर खाकी, मधोमध तिच्या नावाची पट्टी, आणि मागून माझा आवाज, मॅडम बाजूला व्हा. घरी कुणी पाहुणा आला की सुनंदा तेवढंच लावते. पट्टीवरची अक्षरं इतकी स्वच्छ आहेत की काना-वेलांटीसुद्धा सुटत नाही. मी प्रत्येकाला छाती पुढं काढून सांगतो: कॅमेरा मी बरोबरच निवडला होता, पोरगी तेवढी चुकली.