आमच्या गल्लीतली स्पॅनिश

“चुकाचं असन तं जोरात चुका!”

रोज संध्याकाळी पाच वाजता हे वाक्य आमच्या जिन्यावरून खाली यायचे. पाठोपाठ दोन टाळ्या. मग आठ-नऊ कोवळ्या आवाजांचा गलका. त्यातले एक अक्षर मला कळत नसे, पण चुका खरोखर जोरात होत आहेत, एवढे मात्र समजायचे.

परवा फोनवर इराने सांगितले, की कॉलेजात मुख्य विषयाच्या जोडीला तिने स्पॅनिश घेतली आहे, आणि वर्गात तोंड उघडायची तिला भीती वाटते. फोन ठेवला आणि मला आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरू आठवल्या. इरा, कबीर, माझ्या नातवंडांनो, तुम्ही त्यांना पाहिलेले नाही. गल्ली त्यांना ‘स्पॅनिश मॅडम’ म्हणायची. खरे नाव फक्त पोस्टमनला आणि मला ठाऊक होते. ते इथे लिहीत नाही, कारण कागदावर स्वतःचे नाव पाहिले की त्यांना उगीच लाजल्यासारखे व्हायचे.

चाळिशीच्या आसपासच्या, कळमेश्वरजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. सामान म्हणून एक ट्रंक, तुळशीची कुंडी आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला एक जाडजूड शब्दकोश. खोलीत आधी शब्दकोशाला जागा झाली, मग गॅसला.

मी तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवली, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे पहिल्याच दिवशी माझा प्रश्न शिक्षिकेचाच होता. “स्पेनमध्ये किती दिवस होतात?”

“मी? नाई जी काकू. पासपोर्ट बी नाई माझ्याकडं.”

“मग ही भाषा घेतलीत कशी?”

तर ती हकिगत अशी. मॅडम वडिलांबरोबर विद्यापीठात प्रवेश घ्यायला गेल्या होत्या. वडिलांनी खिडकीतल्या बाबूंना विचारले, ही भाषा चालते कुठे. बाबू म्हणाले, विसेक देशांत. वडिलांनी थोडा विचार केला. “आपल्या विदर्भात जिल्हे अकरा. हे तं वीस देश म्हणते. घे वं बाई. एवढ्यात कुठंतरी तं चालन!” गावातले लोक मात्र पुढे कित्येक वर्षे विचारत राहिले, “स्पॅनिश स्पर्धापरीक्षेले चालते का?”

शहरातल्या एका कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर शिकवत. बी.ए., बी.कॉम.च्या मुलांना जोडविषय म्हणून स्पॅनिश. वर्गात नऊ मुले, तीच संध्याकाळी सरावाला वरच्या खोलीत यायची. त्या हिवाळ्यात एका दुपारी माझ्यासोबत तुरीच्या शेंगा सोलता सोलता त्यांनी सांगितले, की प्राचार्यांनी बोलावले होते. नऊ मुलांसाठी वर्ग चालवणे कॉलेजला जड जाते आहे. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा, परीक्षक बाहेरगावचे. मुले बोलली तर वर्ग राहील, नाही तर पुढच्या वर्षापासून बंद.

“लेहून तं काढतात पोरं,” त्या म्हणाल्या. “पण बोलन कोणासंग? तासाभरात एकाच्या वाट्याले पाच-सहा मिनिटं येतात. विहिरीत उतरल्याबिगर पोहणं येते का काकू? अन् माह्या पोरायले विहीरच नाई.”

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या जिना उतरल्या त्याच मुळी दोन-दोन पायऱ्या गाळत. “काकू, विहीर सापडली!”

विहीर म्हणजे आमची गल्ली.

लकडगंजातली आपली गल्ली तुम्हाला आठवते ना? एका टोकाला शेठजींची लाकूड कापायची आरामशीन, दुसऱ्या टोकाला तर्रीपोह्यांची गाडी, मध्ये इस्त्रीवाले आणि त्यांच्या समोर आपली ओसरी. मॅडमनी प्रत्येकाला त्याच्या धंद्यापुरती स्पॅनिश वाटून दिली. पोहेवाल्याला खाण्यापिण्याची सात वाक्ये. इस्त्रीवाल्याला कपडे आणि रंग. शेठजींना आकडे आणि लांबी-रुंदी. “एका माणसाले सगळी भाषा शिकवाले दहा वर्षं लागतीन,” त्या म्हणाल्या, “पण सगळ्या गल्लीले मिळून एक भाषा आठ दिवसांत येते.”

माझ्या वाट्याला रस्ता सांगणे आले. मुलांनी ओसरीपाशी येऊन पोस्ट ऑफिस कुठे आहे ते विचारायचे आणि मी सांगायचे: “तोदो रेक्तो, आ ला इस्किएर्दा.” म्हणजे सरळ जा, मग डावीकडे. आपले पोस्ट उजवीकडे आहे, हे मी लगेच निदर्शनास आणून दिले. पण उजवीकडे हा शब्द पुढच्या आठवड्याच्या पाठात होता. तेवढे दिवस लकडगंजचे पोस्ट डावीकडे राहिले.

कोणाला काय येते याची वही मी ठेवली. पट्टीने रेघा मारून, नाव, धंदा, वाक्ये असे तीन रकाने. आणि अर्थातच माझे लाल पेन.

पोहेवाला सर्वांत पुढे गेला. त्याला ‘पिकान्ते’ म्हणजे तिखट हा शब्द इतका आवडला, की तो मुलांनाच काय, ट्रकवाल्यांनाही विचारू लागला. “भैया, सादा की पिकान्ते?” पंधरा दिवसांत गिऱ्हाइके आपणहून म्हणू लागली, “दोन प्लेट पिकान्ते दे गा!” आरामशिनीवर तर हमाल फळ्या चढवताना “उनो! दोस! त्रेस!” असे ओरडायचे. शेठजी गल्ल्यावरून दाद द्यायचे, “अरे, त्रेस के बाद रुक क्यूँ गए? क्वात्रो कौन बोलेगा, मैं?”

माझ्याकडे पहिली आली पल्लवी. हिंगण्याहून दोन बस बदलून येणारी मुलगी, वडील तिथल्या कारखान्यात पाळीने कामाला. आवाज इतका बारीक, की समोरच्या माणसाने पुढे वाकावे. तिने पोस्टाचा रस्ता विचारला. मी तिला मध्येच थांबवले आणि उच्चार सुधारला. तिने पुन्हा विचारले, मी पुन्हा सुधारला. जी भाषा मला आठ दिवसांपूर्वी येत नव्हती, तिच्यातल्या चार चुका मी त्या मुलीला दाखवल्या. ती “थँक्यू आजी” म्हणाली आणि गेली. नंतर ती ओसरीच्या बाजूने जाईचना, समोरच्या बाजूने जायची.

मॅडमनी मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाल्या, “तुमी तिचं बरोबर केलं काकू. पण ती आता विचारतच नाई न कोणाले काही.”

आमचे खरे भांडण झाले ते तीन वाक्यांवरून. आपल्या गल्लीत कोणीही एकदम मुद्द्यावर येत नाही. शेठजी आधी “बैठो” म्हणणार. पोहेवाला विचारणार, कुठून आलात. आणि मी तरी, आलेल्या माणसाला जेवलास का असे विचारल्याशिवाय पुढे बोलते का? ही मंडळी मुलांशी स्पॅनिश बोलतानाही तसेच करायला बघायची आणि अडायची. मग मॅडमनी सगळ्यांच्याच यादीत तीन वाक्ये घातली. बसा. जेवलात का? गाव कोणते?

मला हे पटले नाही. अभ्यासक्रमात ती वाक्ये कुठेही नव्हती. परीक्षेत परीक्षक विचारतो आणि विद्यार्थी उत्तर देतो. गुण उत्तराला असतात. मी वहीतली ती तिन्ही वाक्ये, प्रत्येकाच्या नावापुढची, पट्टी धरून लाल रेघेने खोडली.

मॅडमनी वही पाहिली आणि त्या खो खो हसल्या. “राहू द्या ना काकू! जेवला का म्हणून न विचारता आपल्याकडं कोणी बोलाले सुरुवात करते का? तोंड उघडाले काहीतरी लागते न जी.”

“परीक्षक काही माझ्या ओसरीवर बसून परीक्षा घेणार नाहीत,” मी म्हणाले.

परीक्षेला आठवडा उरला, तेव्हा त्यांनी वरच्या खोलीत सराव ठेवला. दार बंद, टेबलाच्या एका बाजूला परीक्षक म्हणून मी, हातात प्रश्नांचा कागद. आणि जी मुले पोहेवाल्याशी तर्रीवरून स्पॅनिशमध्ये हुज्जत घालत होती, त्यांच्यातली सात माझ्यासमोर मुकी झाली. पल्लवी तर स्वतःचे नावही सांगू शकली नाही. मी मनाशी म्हटले, बघा, गल्लीत शिकवले की असे होते.

त्या संध्याकाळी टाळ्या वाजल्या नाहीत. मॅडम जिन्यावर बसून होत्या. मी चहा नेऊन दिला. “पोरायले दुसरा विषय भेटन काकू,” त्या म्हणाल्या. “मले दुसरं काहीच येत नाई.” चहा तसाच निवून गेला.

परीक्षेच्या दिवशी मी त्यांच्यासोबत कॉलेजात गेले. परीक्षकांची गाडी चार तास उशिरा आली. स्टेशनवरून ते तडक परीक्षेच्या खोलीतच शिरले. जाड चष्मा, चुरगळलेला सदरा, कपाळाला आठ्या. उन्हाळ्यामुळे दार उघडे होते आणि आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो होतो. पहिलीच पाळी पल्लवीची.

परीक्षकांनी काहीतरी विचारले. शांतता. पुन्हा विचारले, जरा मोठ्याने. मॅडमनी माझे मनगट इतके घट्ट धरले, की बांगडी रुतली. आत कागदाचा आवाज झाला. ते बहुधा पुढचे नाव शोधत होते.

तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

“आ कोमीदो उस्तेद?”

हे वाक्य मला कळले. जेवलात का आपण? ते मीच खोडले होते.

कागदाचा आवाज थांबला. मग परीक्षक म्हणाले, “नो.” हे तर कुठल्याही भाषेत कळते. पल्लवीने लगेच पुढचे विचारले, गाव कोणते? खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि ते गृहस्थ बोलू लागले. चांगले लांबलचक बोलले, मध्ये हसले. मग ती बोलू लागली. मॅडम माझ्या कानाशी भराभर सांगत होत्या. “जेवाले कुठं जा ते सांगून राहिली. पोहे. तिखट नाई चालत असन तं आधी सांगा म्हणे. आता आरामशीन आली. फळ्या मोजून राहिली, क्वात्रोच्या पुढं गेली!”

मग मॅडमनी एकदम तोंडावर हात धरला.

“काय झाले?”

“तुमी आल्या काकू. मधात ओसरीवर एक आजी बसते म्हणे. ती पोस्टाचा रस्ता चुकीचा सांगते, पण जोरात सांगते!”

दहा मिनिटांची परीक्षा पंचवीस मिनिटे चालली. नंतर एकामागून एक आठही जण आत गेले आणि प्रत्येकाने आधी तेच विचारले, जेवलात का? शेवटच्या मुलाला परीक्षकांनी उत्तर दिले, की अजून नाही, तुम्ही लोक सोडाल तेव्हा.

बाहेर आल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि मॅडमना म्हणाले, “मॅडम, इतने साल से परीक्षा ले रहा हूँ। पूछता मैं ही हूँ। आज पहली बार किसी ने मुझसे पूछा।” मग त्यांना आम्ही गल्लीत आणले. पोहेवाल्याने त्यांच्याकडे पाहिले आणि आपला प्रश्न टाकला, “पिकान्ते?” साहेब हातातली प्लेट सांभाळत इतके हसले, की तर्री सदऱ्यावर सांडली. इस्त्रीवाल्याने तो डाग स्पॅनिशमध्ये लाल आहे असे त्यांना सांगितले.

वर्ग राहिला. पुढच्या वर्षी मुले इतकी झाली, की निम्मी जिन्यावर बसायची. आणखी दोन वर्षे आमच्या घरी संध्याकाळी पाच वाजता टाळ्या वाजत राहिल्या.

मागच्या उन्हाळ्यात मॅडम एक निळी वही नाचवत खाली आल्या. पासपोर्ट होता. शिक्षकांच्या एका अभ्यासक्रमासाठी त्यांची स्पेनला निवड झाली होती. “अठरा वर्षं झाली शिकवून, आता पाहून येतो, खरंच तसं बोलतात का म्हणून,” त्या म्हणाल्या. निघताना सगळी गल्ली रस्त्यावर आली होती. हमालांनी ट्रंक रिक्षात चढवली, अर्थात उनो, दोस, त्रेस म्हणत. मी विचारले, “तिथल्या लोकांपुढे बोलता येईल ना नीट?”

“चुकन तं चुकन, काकू,” त्या रिक्षातून ओरडल्या, आणि तेही जोरातच.

वरची खोली मी अजून कोणाला दिलेली नाही. तुळस मी खाली आणली आहे. गेल्या महिन्यात त्यांचा निरोप आला. तिथे त्या ज्या पावाच्या दुकानात जातात, तिथल्या बाईंना त्या रोज आधी जेवलात का म्हणून विचारतात. पहिले आठ दिवस बाई चक्रावल्या. आता मॅडमना यायला उशीर झाला, तर त्या बाईच दारात येऊन हाच प्रश्न विचारतात.

काल मी वही काढली. लाल रेघा पुसल्या जात नाहीत. चांगली शाई वापरायची माझी सवय. म्हणून प्रत्येक नावाखाली ती तीन वाक्ये पुन्हा लिहून काढली.

आणखी एक. रविवारी तुम्ही फोन करता, मराठीत दोन वाक्ये बोलता, मी त्यांतली दीड दुरुस्त करते, आणि मग तुम्ही आईच्या हातात फोन देता. हे माझ्या लक्षात यायला पल्लवीला समोरच्या बाजूने जावे लागले, आणि त्यानंतरही इतकी वर्षे. या रविवारी मी फक्त विचारीन, जेवलात का? पुढचे तुम्ही बोला, जसे येईल तसे. लाल पेन मी इस्त्रीवाल्याच्या हाती वरच्या खोलीत पाठवून दिले आहे, आणि गुडघ्यांमुळे तो जिना आता माझ्याने चढवत नाही.