खुशालनं दाखवलेलं झाड

नागझिऱ्याच्या जंगलात तीस वर्षं पर्यटकांची गाडी हाकलणाऱ्या खुशाल रामटेकेला एक गोष्ट फार सफाईनं जमायची, ती म्हणजे न दिसलेला वाघ दाखवणं. पहाटेपासून धूळ खाऊन पाहुणे कावले, की तो जिप्सी थांबवायचा, दारातून वाकून मातीकडे बघायचा आणि दबक्या आवाजात म्हणायचा, "आत्ताच गेला, साहेब. पाच मिनिटं बी नाही झाली." ठसा कधी ताजा असायचा, कधी परवाचा. पाहुणे मात्र हरखायचे, फोटो काढायचे, आणि गेटवर उतरताना त्याचा हात हातात घेऊन जायचे. याला कोणी खोटं म्हटलं तर खुशालला राग यायचा. एवढ्या लांबून आलेलं माणूस रिकाम्या मनानं परत जाऊ नये, इतकाच त्याचा हिशेब.

त्याची बायको अंजना अगदी उलट. सडक अर्जुनी तालुक्यातल्या त्यांच्या गावी, विहारात, वर्षावासाचं ग्रंथवाचन एकोणीस वर्षं तिच्याकडे होतं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिने, रोज संध्याकाळी पांढरं लुगडं नेसून ती बसायची आणि खणखणीत आवाजात वाचायची. लिहिलंय तेवढंच वाचायचं, मनचं एक अक्षर घालायचं नाही. ऐकताना डुलक्या घेणाऱ्या म्हाताऱ्याही तिनं वाचन थांबवलं की दचकून जाग्या व्हायच्या.

लंकेचं खूळ या विहारातच शिरलं. एका पावसाळ्यात बाहेरगावचे भंते आले होते. त्यांनी सांगितलं, की बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी सम्राट अशोकाच्या लेकीनं समुद्रापार नेली, आणि अनुराधापुरात ती अजून जिवंत आहे. घरी येऊन अंजनानं चूल पेटवली. मग म्हणाली, "एवढ्या लांब बाई घेऊन गेली ना ते फांदी? मंग मी बी जाईन पाहाले."

"मी नेतो ना," खुशाल म्हणाला. "गाडी मीच चालवीन. तिकडे बी डाव्याच बाजूनं चालतेत. सारी लंका फिरवतो तुले. अन् तू समोर बसशील, माह्या बाजूले."

हे समोर बसणं साधं नव्हतं. जिप्सीतली पुढची जागा गाईडची. तीस वर्षांत अंजना त्या गाडीत बसली ती दोनदा, मागं, आणि त्यातही एकदा दवाखान्यात जाताना. लेक खुशबू नागपूरला नोकरीला होती. तिनं लंकेचा नकाशा छापून आणला आणि अंजनानं तो धानाच्या ढोलीवरच्या भिंतीला चिकटवला. वहीच्या शेवटच्या पानावर तिनं मुक्काम लिहिले: नेगोंबो, गॉल, नुवारा एलिया, कँडी, आणि सगळ्यात शेवटी अनुराधापुरा. "झाड आखरी," ती म्हणायची. "ते पाहिल्यावर दुसरं काही पाहू नाही वाटणार."

बेत पक्का होता, पण तारीख काही जमेना. पावसाळ्यात जंगल बंद, तेव्हा खुशाल मोकळा, पण नेमका तेव्हाच वर्षावास. वर्षावास संपेस्तोवर जंगल उघडायचं आणि खुशालला श्वास घ्यायला फुरसत नसायची. तो रिकामा असे तेव्हा ती बांधलेली, ती सुटली की हा जुंपलेला. अशी नऊ वर्षं गेली. गावातल्यांनी थट्टाही सोडून दिली. नकाशाचे कोपरे मात्र तेवढे पिवळे पडले.

एकदाच, फक्त एकदाच, अंजना अडून बसली होती. बेताच्या सातव्या वर्षी, आश्विन पौर्णिमेच्या आधी. "यंदा जाऊ," ती म्हणाली. "तुमचा सीझन एक डाव राहू द्या."

खुशाल हसला होता. "घाई कायची होऊन राहिली तुले? ते झाड दोन हजार वर्सं थांबलं. एक साल आणखी थांबंन."

ती ताटातले तांदूळ निवडू लागली. तिनं घाई का केली, हे त्यानं विचारलं नाही. हे न विचारणं त्याला पुढं जन्मभर पुरलं.

त्यानंतर भातात खडे लागायला लागले. खुशाल दात धरून ओरडायचा, "गिट्टी शिजवून राहिली काय?" आणि ती हसून म्हणायची, "दात मजबूत होतेत." सुईत दोरा ओवायला ती शेजारच्या चंचलला हाक मारू लागली. खुशालनं याकडे साफ कानाडोळा केला, आणि त्याला कारणही तसंच होतं: रोज संध्याकाळी बायको विहारात बसून दीड तास न अडखळता वाचत होती. ज्या डोळ्यांना एवढा जाड ग्रंथ वाचता येतो त्यांना काय होणार? तो चारचौघांत अभिमानानं सांगायचा, "आमच्या बाईले अजून चश्मा नाही."

नवव्या वर्षीच्या भाद्रपदात विहाराला कोणीतरी नवा ग्रंथ दान दिला. जुन्याची शिवण उसवली होती, म्हणून अंजनापुढं नवा ठेवला गेला. त्या रविवारी खुशबू गावी आली होती आणि आईला टेकून बसली होती. वाचन नेहमीसारखं सुरू झालं. अंजनाचं बोट ओळीवरून सरकत होतं, वेळ झाली की हात पान उलटत होता. नव्या ग्रंथात एक भाग संपून दुसरा सुरू होण्याआधी एक पान कोरं सोडलं होतं. अंजनानं ते उलटून आणलं, बोट टेकवलं आणि वाचत राहिली.

खुशबूनं त्या पांढऱ्या कागदाकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. आईचं बोट रिकाम्या कागदावरून डावीकडून उजवीकडे जात होतं आणि शब्द एकही चुकत नव्हता. पोरीनं ओठ दाबून धरले. वाचन संपेपर्यंत ती हलली नाही. मग मागच्या भिंतीशी बसलेल्या बापाजवळ गेली आणि रडायला लागली.

एकोणीस पावसाळ्यांत अंजनाचा सगळा ग्रंथ पाठ झाला होता. साखरेच्या दुखण्यानं डोळ्यांचे पडदे गेले, अक्षरं पुसट झाली, मग दिसेनाशी झाली, आणि ती वाचत राहिली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आता उजेड आणि सावली एवढंच उरलंय, तेही फार दिवस नाही. "दीड-दोन वर्षांपूर्वी आला असता, तर काहीतरी करता आलं असतं."

दोन वर्षांपूर्वी. खुशालनं बोटांवर वर्षं मोजली.

"काऊन नाही सांगितली?" बाहेरच्या बाकड्यावर बसून त्यानं विचारलं.

"सांगतली असती तं वाचन बंद केलं असतं ना तुमी साऱ्यायनं," अंजना म्हणाली. मग पदर सावरत, "एक डाव म्हटली होती तुमाले, का यंदा जाऊ."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं खुशालला वाटलं.

त्या वर्षी त्यानं सीझन सोडला. जिप्सीचा मालक भोजराज म्हणाला, "ऐन ओपनिंगला जाऊन राहिला काय रे?" खुशालनं गाडीची चावी त्याच्या हातात ठेवली. गोंदियाच्या आरटीओतून परदेशात गाडी चालवायचा परवाना काढला. तिथल्या बाबूनं कागद बघत विचारलं, "काका, इस उमर में बाहर गाड़ी चलाओगे?" खुशालनं सही करायची जागा विचारली. बाकीचं सगळं खुशबूनं मोबाईलवर केलं. आश्विन पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी दोघं लंकेत उतरली.

विमानतळावर भाड्याची छोटी पांढरी गाडी उभी होती. खुशालनं पुढचं दार उघडलं, अंजनाला बसवलं, पट्टा लावला. तिनं समोरची काच चाचपली आणि बोलली, "एक आयका. पावण्यायले सांगता तसं मले नोका सांगू. दिसंल तेच सांगा. नाही दिसलं तं नाही म्हणा. आता तुमचेच डोळे आहेत आपल्याजवळ."

"हो," खुशाल म्हणाला. आणि सात दिवस त्यानं शब्द पाळला.

गाडी तो जंगलातल्यासारखीच चालवत होता, तीसच्या वर काटा जाऊ न देता. मागून लाल बसवाले भोंगे वाजवत, हातवारे करत पुढं जायचे. गॉलच्या समुद्राशी त्यानं सांगितलं, "पाणीच पाणी आहे. इटियाडोहच्या धरणासारखं, पण पल्याडचा काठ नाही." नुवारा एलियाच्या घाटात सांगितलं, "चहाची झाडं. उतारावर पायऱ्या केल्या आहेत, आपल्या धानाच्या बांध्यायसारख्या. धुकं आलं. आता मलेही नाही दिसत." कँडीच्या पुढं एका वळणावर हत्तीची पाटी लागली, तेव्हा त्यानं गाडी थांबवली आणि बराच वेळ झाडीत बघितलं. "हत्ती नाही," तो म्हणाला. "पाटीच आहे फक्त."

अंजना मोठ्यानं हसली. "पावना असता तं दाखवला असता!"

त्या हसण्यानं त्याला इतकं बरं वाटलं, की पुढचे चार मैल तो गुणगुणत होता. मग बाजूला बघितलं, तर ती डोळे पूर्ण उघडे ठेवून काचेकडे तोंड करून बसली होती, काही दिसत असल्यासारखी. गुणगुणणं थांबलं.

आठव्या दिवशी सकाळी अनुराधापुरा आलं. पांढऱ्या कपड्यातली माणसं, हातात कमळं, पायाखाली वाळू. पायऱ्या मोजत त्यानं तिला वर नेलं. अंगणात गर्दी होती, सगळे हात जोडून वर बघत होते. खुशालनंही वर बघितलं, आणि तिथंच गडबड झाली. पिंपळ एक नव्हता. सोनेरी कठड्याच्या आत, बाहेर, वरच्या ओट्यावर, चार-पाच तरी होते, एकमेकांत फांद्या गुंतलेले. वाळक्या गवतातला वाघाचा कान ओळखणाऱ्या माणसाला ते झाड ओळखू येईना. विचारायचं तर भाषा येत नव्हती, आणि डोळे भरून सगळं डबडबलं होतं.

"दिसून राहिलं काय?" अंजनानं त्याचं मनगट घट्ट धरलं. नऊ वर्षांचा नकाशा, दोन वर्षांच्या उशिराची चूक, सगळं त्या एका प्रश्नात आलं होतं. खुशालनं नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि जमलं नाही.

"हो," खुशाल म्हणाला. "दिसून राहिलं." आणि सगळ्यात डेरेदार होतं त्या झाडाकडे तिचे खांदे वळवून तो सांगू लागला. "बुंधा एवढा मोठा, का चार माणसायच्या कवेत नाही येणार. फांद्या साऱ्या अंगणभर. पानं हिरवीगार, उन्हात हलून राहिली. अन् एक फांदी, अंजना, खाली आपल्याकडंच वाकली आहे."

अंजना वाळूवर गुडघे टेकून बसली. तिनं त्या दिशेला पंचांग प्रणाम केला, त्रिशरण म्हटलं, अगदी विहारात म्हणायची तशा खणखणीत आवाजात. आजूबाजूच्या बायका भाषा न कळताही तिच्यामागं हात जोडून उभ्या राहिल्या. ती उठली तेव्हा तिचा चेहरा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात दिसायचा तसा दिसत होता.

तिला सावलीत बसवून तो चपला आणायला गेला. खाली कमळं विकणारा एक म्हातारा होता. बोधगयेला राहिलेला, मोडकं हिंदी बोलणारा. खुशालनं त्या मोठ्या झाडाकडे बोट दाखवून विचारलं, "वही है ना?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. "नहीं, नहीं. वो तो रखवाली का पेड़, हवा रोकने को. बोधि वो ऊपर. पतली डाली. सोने के खंभे लगाए हैं, देखो."

खुशालनं बघितलं. सगळ्यात वरच्या ओट्यावर, मोठ्या झाडांच्या आड, एक बारीकशी म्हातारी फांदी सोनेरी टेकूंवर रेलून उभी होती. अंजनानं तिच्याकडे पाठ करून प्रणाम केला होता.

तो धावतच परत आला. "अंजना, चाल, आणखी एक डाव वर जाऊ."

"नाही जी," ती म्हणाली. डोळे मिटून बसली होती ती. "पाहिलं ना आता. मनात पक्कं बसलं आहे. आता हा उजेड बी गेला तं जाऊ द्या."

खुशाल तिच्याशेजारी बसला, चपला हातात तशाच धरून. सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर काय उरलं असतं तिच्याजवळ? तो रडला, आणि तो आनंदानं रडतोय असं समजून तिनं त्याची पाठ थोपटली.

डिसेंबरात तो उजेडही गेला. खुशाल पुन्हा जंगलात जातो, पण आता पाहुण्यांना "आत्ताच गेला" म्हणत नाही. नाही दिसला, एवढंच सांगतो. भोजराजकडे तक्रारी येतात, की हा ड्रायव्हर काही दाखवत नाही.

विहारात यंदा वाचन चंचलकडे आहे. ती अडली की अंजना बाजूला बसून पुढचा शब्द सांगते. वाचन संपलं की बाया हटून बसतात, "मावशी, ते झाड सांगा ना." मग अंजना सावरून बसते, ग्रंथ वाचायची त्याच आवाजात सांगते. बुंधा एवढा मोठा, का चार माणसायच्या कवेत नाही येणार. फांद्या साऱ्या अंगणभर. पानं हिरवीगार, उन्हात हलून राहिली. अन् एक फांदी खाली आपल्याकडंच वाकली आहे. लहान पोरींनाही ते आता पाठ झालंय. खुशाल मागच्या भिंतीला टेकून ऐकतो. त्यानं सांगितलं होतं त्यातला एकही शब्द ती चुकत नाही.