घोळीचं खवल

बायको अंगणात घोळ मासा कापत होती. मी उंबऱ्यावर बसून तिला पुस्तक वाचून दाखवत होतो. मी चौथी नापास, ओळीवर बोट ठेवून वाचतो. ती शाळेत गेलीच नाही, पण मी एक ओळ गाळली तरी पकडायची. गोष्टीतली बाई एकटीच बोटीनं परमुलखात निघालेली. वादळ उठलं आणि बायको म्हणाली, "थांब आता. मासळीला मीठ लावायचाय. ती बंदराला लागली का ता उद्या सांग." एक खवल पदराला पुसून तिनं खूण म्हणून पानात ठेवलं. घोळीचं खवल रुपयाएवढं असतं.

रात्री तिला ताप भरला. चौथ्या दिवशी गेली.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. आम्ही पाचूबंदरचे कोळी, लायब्ररी वसई गावात. तिथले मास्तर माणूस बघून पुस्तक सुचवायचे. वकिलांना इतिहास. वकिलीणबाईंना रडवणारी कादंबरी. आम्हाला दारूबंदीची चोपडी, तीही दारातूनच. मासळीचा वास येतो म्हणून आत पाऊल टाकायचं नाही. हे गोष्टीचं पुस्तक मिळालं ते मास्तर रजेवर होते म्हणून. त्यांच्या जागी बसलेल्या बाईंनी मला विचारलं होतं, "घरी ऐकायला कोण आहे?" बायको म्हटल्यावर त्यांनी कपाटातून शोधून दिलं.

दहावं उरकलं आणि मुदत वाढवून घ्यायला गेलो. गोष्ट पुरी करायची होती. तिला शब्द दिला होता.

मास्तर माझ्या मुलाच्या वयाचे. पुस्तक उघडलं, खवल दिसलं.

"हे काय रे? पुस्तकावर मासे सोलतोस?"

आत बाकावर बसलेले वकील हसले. मास्तरांनी पेन्सिलीच्या टोकानं खवल खाली उडवलं. पुस्तक वास जायला खिडकीत उन्हात ठेवलं.

"तुला हे दिलं कोणी? तुम्हा लोकांना यातलं काय कळतंय? हे ने."

दारूबंदीची चोपडी. मी दारूला शिवत नाही. मी दोन्ही हात पुढं केले. म्हणालो, "बरं, साहेब."

खवल दाराशी, माझ्या पायापाशी पडलं होतं. चारचौघांत वाकून उचलायची मला लाज वाटली. तिच्या हातचं होतं ते. मास्तरांचं बोलणं एक वेळ विसरेन. हे नाही विसरत.

घरी तिनं खारवलेली घोळ तशीच टांगलेली. त्या मासळीकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीवर गेलो नाही. लायब्ररी उघडली तसा उंबरा ओलांडून आत शिरलो. चोपडी टेबलावर ठेवली. "पितो त्याला द्या." खिडकीतलं पुस्तक उचललं. खवल केरात गेलं होतं, पानावर त्याचा गोल डाग राहिला होता. वकिलांच्या बाकावर बसलो, डागाखाली बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो.

"ए, बाहेर हो."

"बोट बंदराला लागली की उठतो."

"पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. त्यांना पन ऐकू दे."

वाचत राहिलो. एक ओळ गाळली नाही.