जुळे अणू आणि कुलपातल्या सुया

हिमानी पहिल्यांदा चंदीगडच्या विद्यापीठातल्या त्या तळघरात शिरली, तेव्हा आत एखाद्या महाराणीचं बाळंतपण चालू असावं असं तिला वाटलं. दारातच एका गृहस्थांनी तिला हातानं थोपवलं, चपला काढायला लावल्या, मोबाइल काढून घेतला आणि श्वाससुद्धा बेतानं घ्यायला सांगितला. हे विश्वनाथ शिरगुप्पे, मूळचे मिरजेचे. प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाचे चालक, आणि स्वतःच्या मते त्याचे पालक.

या सूक्ष्मदर्शकाला भिंग नाही, सुई असते. ती पृष्ठभागावरून न टेकता फिरते आणि चाचपून अणूंचं चित्र काढते. जरा लांब असली की सुई आणि अणू दोघांना एकमेकांची ओढ. फार जवळ गेली की ढकलाढकली. थोडक्यात, इथल्या मराठी मंडळाची कार्यकारिणी.

शिरगुप्पे उभी नोकरी इतरांना चित्रं काढून देत आले होते. संशोधनाच्या पेपरवर नाव मात्र इतरांचं. पीएचडीला आलेल्या हिमानीनं कबूल केलं, या पेपरवर तुमचंही नाव, पक्का.

आणि मग ते चित्र आलं. सगळे अणू जोडीजोडीनं! असं कुणी पाहिलंच नव्हतं. शिरगुप्प्यांनी सेक्टर १७ मधून मिल्ककेक आणला, झिरकपूरच्या आपल्या सोसायटीत वाटला आणि जुळ्यांच्या बापाच्या थाटात अभिनंदनं स्वीकारली.

हिमानीला मात्र राहवेना. तिनं सुईखालचा नमुना काटकोनात फिरवून पुन्हा चित्र घेतलं. जोड्याही फिरायला हव्या होत्या. त्यांची दिशा तसूभर बदलली नाही. म्हणजे जोडी अणूंची नव्हतीच. सुई कधीतरी आपटून तिला दोन टोकं झाली होती, आणि ती प्रत्येक अणू दोनदा चाचपत होती.

आपटणारच; काम सगळं त्या एका जुन्या सुईवर. नव्या सुयांची डबी शिरगुप्प्यांनी पाहुण्यांच्या कपबश्यांसारखी कपाटात कुलूप लावून ठेवली होती, चांगल्या प्रसंगासाठी.

हवाई दलातल्या मराठी बापाच्या या मुलीला मराठी समजायचं, बोलायची मात्र हिंदीत. "काका, ये तो अपनी सुई का फोटो है."

"मिल्ककेक तर लोकांनी खाल्ला," शिरगुप्पे एवढंच म्हणाले, आणि त्यांनी कपाटाची किल्ली काढली.

नव्या सुईनं चित्र नितळ आलं. एकेक अणू, सरळ रांगेत, चंदीगडच्या सेक्टरांसारखा. तसे अणू जगानं आधीच पाहिले होते. पेपर निघाला नाही. शिरगुप्पे मार्चमध्ये निवृत्त झाले. चित्र त्यांच्या हॉलमध्ये आहे. पाहुणे विचारतात, ही टाइल कुठे मिळाली.